उभ्या गाडीलाही वाट हवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत इलिनॉय राज्यात भाचीकडे राहायला गेलो होतो. एका रविवारी आम्ही शिकागोहून दक्षिणेकडे निघालो होतो. गाडी भाची चालवत होती. रस्ता सरळ, रुंद आणि बराचसा मोकळा. बऱ्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला पोलिसांची एक गाडी उभी दिसली. तिचे लाल-निळे दिवे लुकलुकत होते आणि पुढे कुणाची तरी मोटार थांबवलेली होती. भाचीनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी पलीकडच्या लेनमध्ये घेतली आणि वेगही उतरवला. आमच्या पुढच्या गाडीनं तेच केलं होतं, मागचीही तेच करत होती.

मी म्हटलं, ‘‘अगं, आपली लेन तर रिकामी होती. ती गाडी रस्त्याच्या बाहेर उभी होती. मग हा खटाटोप कशाला?’’

ती म्हणाली, ‘‘मामा, इथे तसा कायदाच आहे. स्कॉट्स लॉ म्हणतात त्याला.’’

‘‘हा स्कॉट कोण?’’

ती क्षणभर थांबली. ‘‘ते काही मला माहीत नाही. पण गाडी बाजूला घ्यायची, एवढं पक्कं माहीत आहे.’’

हा स्कॉट कोण, याचा शोध मी पुढे घेतला, आणि त्या एका नावामागे बराच मोठा इतिहास निघाला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवातीला एक फरक लक्षात घेऊ. सायरन वाजवत धावत येणाऱ्या रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट द्यायची, हा नियम जुना आहे आणि जगात बहुतेक ठिकाणी आहे. आपल्याकडेही आहे. मी बोलतोय ते निराळ्या नियमाबद्दल. मदतीची गाडी पोहोचली आहे, रस्त्याच्या कडेला थांबली आहे, माणसं खाली उतरून काम करताहेत. त्या वेळी शेजारून जाणाऱ्यानं कसं जायचं? शेजारची लेन सोडून पलीकडे सरकायचं, आणि ते जमत नसेल तर वेग कमी करायचा. इंग्रजीत याला ‘मूव्ह ओव्हर’ कायदा म्हणतात. ऐकायला किती साधी गोष्ट! पण मोटारींच्या माहेरघरात, अमेरिकेत, हा नियम कायद्याच्या पुस्तकात यायला १९९६ साल उजाडावं लागलं.

इतका उशीर का झाला, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९५६ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत अमेरिकेत महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि देशभर ‘इंटरस्टेट’ रस्त्यांचं जाळं विणलं जाऊ लागलं. चौक नाहीत, सिग्नल नाहीत, समोरून येणारी वाहतूक वेगळी. वेगानं आणि अखंड जाता यावं, एवढ्यासाठीच हे रस्ते बांधले होते. गाडी बिघडली तर थांबण्यासाठी कडेला पक्की साइडपट्टी ठेवली. पण या साइडपट्टीत आणि धावत्या लेनमध्ये असते एक पांढरी रेघ. रंगाची रेघ कुणालाही अडवत नाही.

रस्ते झाले, गाड्या वाढल्या, अपघात वाढले. जखमींना नेणार कोण? त्या काळात अमेरिकेतल्या कित्येक गावांत रुग्णवाहिका चालवायचे ते अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक! कारण माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याचकडे असायची. १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला. रस्त्यावर जखमी होणाऱ्यांची किती हेळसांड होते, हे त्यात स्पष्टपणे मांडलं होतं. त्यानंतर प्रशिक्षित माणसांची, उपकरणांनी सज्ज अशी रुग्णवाहिका सेवा आकाराला येत गेली. १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या गावातून ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन केला गेला. मदतीला बोलावण्यासाठी एक क्रमांक मिळाला.

म्हणजे पाहा, आधी वेगवान रस्ते झाले. मग त्या रस्त्यांवर मदत पोहोचवण्याची सोय झाली. पण मदत करायला आलेला माणूस त्याच वेगवान रस्त्याच्या कडेला, धावत्या गाड्यांपासून हातभर अंतरावर, पाठमोरा उभा असतो, याचा विचार कायद्यात कुणी केला नव्हता.

तो विचार करायला भाग पाडणारी घटना दक्षिण कॅरोलिना राज्यात घडली. जानेवारी १९९४ मध्ये लेक्सिंग्टन इथे एका अपघाताच्या जागी मदतीला गेलेल्या एका पॅरामेडिकला गाडीची धडक बसली. तो जखमी झाला, पण वाचला. पुढे चौकशी झाली आणि चूक कुणाची ठरली? त्याचीच! नियमांच्या चौकटीत तो रस्त्यावर आलेला एक पादचारी होता. आपण तिथे फिरायला गेलो नव्हतो, दुसऱ्याचा जीव वाचवायला गेलो होतो, याची नोंद घेईल असा रकानाच त्या कागदावर नव्हता.

हा गृहस्थ गप्प बसला नाही. तो आमदारांना भेटत राहिला, आपलं म्हणणं मांडत राहिला. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, दक्षिण कॅरोलिनात कायदा झाला आणि मदतकार्य चाललेल्या जागेजवळून जाताना काळजी घेण्याची जबाबदारी जाणाऱ्या चालकावर आली. २००२ मध्ये तिथेच तो आणखी कडक करण्यात आला. मला या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती हीच. दंड किती, शिक्षा किती, हा पुढचा भाग. ‘तू तिथे उभाच का राहिलास?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘तू तिथून तसा का गेलास?’ हा प्रश्न पुढे आला.

आता स्कॉटकडे येतो. स्कॉट गिलेन हे शिकागो अग्निशमन दलात लेफ्टनंट होते. २३ डिसेंबर २००० या दिवशी, नाताळच्या तोंडावर, शिकागोतल्या डॅन रायन एक्सप्रेसवेवर ते एका अपघाताच्या जागी काम करत होते. दारू प्यायलेल्या एका चालकाच्या गाडीनं त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ज्या माणसानं जळत्या घरांत शिरण्याचं काम पत्करलं होतं, त्याला मरण आलं ते रस्त्याच्या कडेला. इलिनॉयचा कायदा २००२ पासून लागू झाला आणि लोकांनी त्याला स्कॉटचं नाव दिलं. माझ्या भाचीच्या तोंडी होतं ते हेच नाव.

अशी नावं पुढे वाढत गेली. न्यूयॉर्क राज्यातला कायदा १ जानेवारी २०११ पासून अमलात आला, त्याचं नाव अँब्रोज-सर्ल्स. यातले अँब्रोज हे राज्य पोलिसांतले आणि सर्ल्स हे ऑनोन्डागा परगण्याच्या शेरीफच्या दलातले. दोघांचाही मृत्यू रस्त्याच्या कडेला थांबून काम करत असताना झाला. एकाचा २००२ मध्ये, दुसऱ्याचा २००३ मध्ये. कायदा यायला आणखी सात-आठ वर्षं जावी लागली. हवाई हे या रांगेतलं शेवटचं राज्य. तिथे होनोलुलूच्या पोलीस दलातले दोन अधिकारी सहा महिन्यांच्या आत असेच कर्तव्यावर असताना गेले, एक सप्टेंबर २०११ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०१२ मध्ये. त्याच वर्षी हवाईत कायदा झाला आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हा नियम लागू झाला. एका जखमी पॅरामेडिकपासून पन्नासाव्या राज्यापर्यंतचा हा प्रवास अठरा वर्षांचा आहे, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी मरणानंतर पडलं आहे.

कुणी विचारेल, सरळ चाललेली गाडी कडेच्या माणसावर जातेच कशी? थोडा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाणारी मोटार एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. पुढे काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी ४० मीटर पुढे गेलेली असते, आणि तोवर वेग तसूभरही कमी झालेला नसतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर लागतात. सगळे मिळून शंभर मीटर. पाऊस असेल, टायर झिजलेले असतील, तर त्याहून जास्त. शिवाय माणसाचा हात नजरेमागे जातो. सायकल शिकताना खड्डा चुकवायचा म्हणून आपण खड्ड्याकडेच बघतो आणि नेमके त्यातच जातो, हा अनुभव कुणाला नाही? लुकलुकत्या दिव्यांकडे टक लावून पाहणारा, पेंगुळलेला किंवा प्यायलेला चालक गाडी तिकडेच ओढतो, असं रस्त्यावर काम करणारे सांगतात. पतंग दिव्यावर झेपावतो, तसं. म्हणून पूर्ण एका लेनचं अंतर राखायचं. चुकीला जागा ठेवायची.

या कायद्याच्या इतिहासात आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला हा नियम होता पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी. पण कडेला उभं राहणारे तेवढेच नसतात. बिघडलेली गाडी ओढून नेणारा क्रेनवाला असतो, रस्त्याची डागडुजी करणारा कामगार असतो, काही ठिकाणी कचरा उचलणारा असतो. त्यांच्या डोक्यावर निळा दिवा नसतो, पिवळा असतो. मग त्यांचं काय? हळूहळू एकेका राज्यानं त्यांनाही यादीत घेतलं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं २००३ मध्ये कायदा केला, पण टोइंगच्या गाड्या त्यात आल्या २०१५ मध्ये. इलिनॉयनं २०१७ पासून चारही इंडिकेटर लावून उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीसाठी हा नियम लागू केला. फ्लोरिडानं २०२४ च्या जानेवारीत बिघडून उभ्या असलेल्या गाड्यांना त्यात आणलं, तर न्यूयॉर्कनं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कडेला थांबलेल्या सगळ्याच गाड्यांना. म्हणजे टायर पंक्चर झालेला एखादा बाप, मागच्या सीटवर पोरं बसलेली, तोही आता या संरक्षणात आला. गणवेशापासून सुरू झालेला कायदा साध्या माणसापर्यंत पोहोचायला पाव शतक लागलं.

मग कायद्यानं सगळं सुरळीत झालं का? तसं म्हणता येणार नाही. पहिली अडचण अशी की प्रत्येक राज्याचे शब्द निराळे. फ्लोरिडात लेन बदलता येत नसेल, तर वेग नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा ताशी २० मैलांनी खाली आणायचा, असं सांगितलं आहे. दुसरीकडे नुसतं ‘वाजवी वेगानं’ असं म्हटलं आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या चालकाला हे कळावं कसं? दुसरी अडचण गमतीची आणि दुःखाचीही. नियम मोडणाऱ्याला पकडायचं कुणी? जो पोलीस ते डोळ्यांनी पाहतो, तो तर स्वतःच कडेला उभा राहून दुसऱ्या कामात अडकलेला असतो. म्हणून काही ठिकाणी एक गाडी कडेला उभी करून दुसरी पुढे टेहळणीला ठेवावी लागते.

खुद्द स्कॉटच्या इलिनॉयमध्ये कायदा होऊन सतरा वर्षं झाल्यावर, २०१९ मध्ये, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्य पोलिसांतले दोघे कडेला थांबलेले असताना गाड्यांच्या धडकेत मरण पावले. त्यानंतर दंड वाढवण्यात आला. २०२० पासून तिथे पहिल्याच गुन्ह्याला किमान २५० डॉलर आणि दुसऱ्याला किमान ७५० डॉलर दंड झाला. शिवाय या नियमाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी स्वतंत्र निधीही ठेवला. दंडाची रक्कम वाढवणं सोपं असतं. माणसाच्या हाताला सवय लावणं अवघड.

नियम करण्यातही चुका होतात, आणि त्या उघडपणे दुरुस्त करता येतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं सप्टेंबर २०१८ मध्ये नियम लागू केला, की लाल किंवा निळे दिवे लुकलुकणाऱ्या उभ्या गाडीजवळून जाताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हेतू चांगला. पण ११० च्या वेगानं चाललेल्या महामार्गावर एकानं एकदम ४० वर यायचं म्हणजे मागच्यानं त्याच्यावर आदळायचं! ट्रकवाल्यांनी आणि वाहनचालकांच्या संघटनांनी ही धास्ती बोलून दाखवली. वर्षभरानंतर सरकारनं नियम बदलला. ज्या रस्त्यांवर मर्यादा ८० किंवा त्याहून कमी आहे, तिथे ४० कायम राहिले. त्याहून वेगवान रस्त्यांवर मात्र परिस्थिती पाहून पुरेसा वेग कमी करायचा आणि शक्य असेल तर लेन बदलायची. नियम करून पाहिला, चुकलेलं मान्य केलं, सुधारला. यात कुणाची शान गेली नाही.

जर्मनीनं हाच प्रश्न वेगळ्या टोकानं हाताळला. तिथे महामार्गावर वाहतूक तुंबली, गाड्या पावलापावलानं सरकू लागल्या, की लगेच मधोमध एक गल्ली मोकळी करायची. सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्यांनी डावीकडे सरायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. उजवा हात पालथा समोर धरा. अंगठा म्हणजे डावी लेन, चार बोटं म्हणजे उरलेल्या लेन, आणि मधली फट ही मदतीची वाट. सायरन ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, ही त्यातली खरी मेख. कारण गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, की नंतर मनात असूनही सरकता येत नाही. तरीसुद्धा ३ जुलै २०१७ रोजी बव्हेरियात म्युन्शबर्गजवळ एका बसला आग लागून १८ माणसं दगावली, तेव्हा बंबांना वेळेवर वाट मिळाली नाही, अशी टीका खुद्द मंत्र्यांनी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दंड २०० युरोंपासून पुढे नेला गेला. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशाचीही ही गोष्ट आहे.

आता आपल्याकडे वळू. रुग्णवाहिकेला आणि बंबाला कडेला होऊन वाट द्यावी, हा नियम आपल्या १९८९ च्या रस्ता-नियमांत होता. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४-ई हे कलम आलं आणि वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण या कलमाचा रोख आहे तो मागून येणाऱ्या गाडीवर. थांबलेल्या गाडीजवळून कसं जायचं, याविषयी ते कलम काही सांगत नाही.

याच दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे निर्देश पक्के केले होते. २०१९ मध्ये ते संरक्षण कायद्यात आलं. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यावर आता दायित्व लादता येत नाही. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांपासून असा आडोसा मिळाला. मागून येणाऱ्या चाकांपासून मात्र तो अजून मिळायचा आहे.

आपल्याकडे वेगवान रस्ते आता नवे राहिलेले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा पल्ला २०२५ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे अमेरिकेत घडलं त्याच क्रमानं आपल्याकडे घडतंय. आधी रस्ता, मग मदत. तिसरी पायरी यायला आपणही एखाद्या स्कॉटची वाट पाहणार आहोत का?

असं नाही की आपल्याला हे सुचलेलंच नाही. घाटात ट्रक बंद पडला, की क्लीनर आधी काय करतो? शेजारच्या झाडाची फांदी तोडून आणतो आणि मागे रस्त्यावर टाकतो, दगड मांडतो. ती हिरवी फांदी म्हणजे ‘पुढे माणूस आहे, बाजूनं जा’ असा निरोपच. तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता, तरी घाट चढणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला कळायचा. (ट्रक दुरुस्त झाल्यावर तेच दगड रस्त्यात सोडून जायची खोड मात्र जीवघेणी!) पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते, पण रुग्णवाहिका आली की ढोल थांबतात, साखळी धरलेली पोरं मागे सरतात आणि बघता बघता वाट तयार होते. वाट करून देणं आपल्या अंगात आहे. फक्त ही वाट थांबलेल्यालाही लागते, एवढंच नव्यानं शिकायचं आहे.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी मी भाचीला स्कॉट कोण ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे मामा, इतकी वर्षं मी एका माणसासाठी लेन बदलत होते आणि मला माहीतच नव्हतं.’’

तिला माहीत नव्हतं, तरी ती लेन बदलत होती. कायदा मुरला म्हणजे काय, ते मला त्या वाक्यात कळलं. तुम्ही पुढच्या वेळी द्रुतगती मार्गावर असाल आणि कडेला दिवे लुकलुकताना दिसतील, तेव्हा आरशात पाहा, इंडिकेटर द्या, एक लेन सोडा. जमत नसेल तर नुसता पाय उचला. तिथे वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ तुमच्याकडे असेल. त्याला तुम्ही दिसणार नाही. तुम्हाला तो दिसला पाहिजे.